‘कशावरून?’ : नववीच्या वर्गाला पुराव्यानिशी पटवून देणारा निबंध शिकवताना

नववीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक वाक्य हमखास भेटतं: ‘आजच्या विज्ञानयुगात मोबाइल ही काळाची गरज बनली आहे.’ त्याखाली मोबाइलचे पाच फायदे, मग ‘पण प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून पाच तोटे आणि शेवटी ‘अति तेथे माती’. झाला निबंध. शुद्धलेखन बरं, अक्षर सुबक, पण वाचून कुणाचं मत तसूभरही हललेलं नाही. हलणार कसं? लिहिणाऱ्यानंच कुठली बाजू घेतलेली नाही.

यात मुलांचा दोष फारसा नाही. ‘शाप की वरदान’ हा साचा आपणच त्यांच्या हाती दिला आणि त्यातून निघालेल्या निबंधांना गुणही आपणच दिले. वैचारिक निबंध म्हणजे दोन्हीकडे समसमान ओळी आणि शेवटी एक सुविचार, ही समजूत पाचवी-सहावीपासून मुरत आलेली असते. ती एका तासात जात नाही. मी त्यासाठी पहिल्या सत्रात दहा तासिका बाजूला ठेवते, आठवड्याला दोन. पंचावन्न मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, संगणक कक्षात धड चालणारे सात-आठ संगणक, असा आमचा वर्ग आहे. खाली जे सांगते आहे ते अशाच वर्गात करून पाहिलेलं आहे. ज्यांच्याकडे यापेक्षा बरी सोय आहे त्यांचं काम सोपंच होईल.

तासिका १ आणि २ : विषय नको, म्हणणं हवं

पहिल्या वर्षी मी मुलांना विषय मोकळा सोडला. निम्म्याहून जास्त वर्गानं मोबाइल नाहीतर प्रदूषण निवडलं, आणि पुढचे पाच आठवडे मी इंटरनेटवरून उतरवलेले परिच्छेद वाचत बसले. तेव्हापासून पहिला निबंध सगळ्या वर्गाचा एकाच विषयावर असतो: दप्तराचं ओझं. विषय जुनाच आहे, पण शिकवण्याच्या दृष्टीनं सोन्यासारखा. दप्तर वर्गातच आहे, ते मोजता येतं, त्यावर सरकारी कागद आहेत आणि जाणकारांमध्ये त्यावरून खरोखर मतभेद आहेत.

फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहायच्या.

दप्तराचं ओझं.
दप्तराचं ओझं कमी झालं पाहिजे.
आपल्या शाळेनं नववीच्या वर्गांत पुस्तकं ठेवायला कप्पे करावेत.

पहिली ओळ नुसता विषय. दुसऱ्या ओळीला कुणीच नाही म्हणणार नाही, मग पटवायचं कुणाला? निबंध तिसऱ्या ओळीतूनच निघतो. मी तिला ‘म्हणणं’ म्हणते, कारण हा शब्द मुलं भांडताना रोज वापरतात: ‘तुझं म्हणणं काय आहे?’ म्हणणं पक्कं आहे का, हे बघायला तीन प्रश्न पुरतात. एखादा समंजस माणूस याला नाही म्हणू शकेल का? हे करणं नेमकं कुणाच्या हातात आहे? आणि महिनाभरात आपल्याला हे तपासून बघता येईल का?

मधल्या प्रश्नावर वेळ घालवावा लागतो. मुलं सवयीनं ‘शासनाने’, ‘समाजाने’, ‘आपण सर्वांनी’ असं लिहितात. या तिन्ही शब्दांना मी पाच आठवडे वर्गबंदी करते. (एकानं विचारलं, ‘मॅडम, मग तरुण पिढीने चालेल?’ तीही बंद.) निबंध एका ठरावीक माणसाला पटवायचा: मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ, वर्गशिक्षक, फार तर स्वतःची आई. वाचणारा कोण ते ठरलं की भाषा आपोआप सुधारते. मुख्याध्यापकांना कप्पे मागायचे तर ते पहिल्यांदा काय विचारतील, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं: ‘पैसे कोण देणार?’

प्रत्येकानं आपलं म्हणणं वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. पेन्सिलनं. पेन चालणार नाही. का, ते तेव्हा सांगायचं नाही.

तासिका ३ : शोधण्याआधी विचारायचं

मुलांना संगणकासमोर बसवण्याची घाई करू नये. आधी एवढंच लिहायला सांगावं: माझं म्हणणं बरोबर ठरायचं तर काय काय खरं असायला हवं? कप्प्यांचंच बघू. दप्तरं खरोखर जड असली पाहिजेत. ते वजन मुख्यतः पुस्तकांचं असलं पाहिजे. ती पुस्तकं संध्याकाळी घरी लागत नसली पाहिजेत. आणि कप्प्यांतून पुस्तकं चोरीला जायला नकोत. तिसरा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो आला की वर्गात एकदम कुजबुज सुरू होते, कारण गृहपाठ कशातून करणार हा प्रश्न सगळ्यांनाच चटका देतो.

या चार-पाच ओळी म्हणजे शोधाची यादी. यादी नसेल तर मूल पहिल्यांदा सापडेल ते उतरवतं.

तासिका ४ : काटा आणायचा

मला या सगळ्यात हा दिवस सर्वांत आवडतो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा एक किलोच्या पुढे जात नाही, म्हणून पहिल्या वर्षी रद्दीवाल्याचा हुकाचा काटा तासाभरासाठी मागून आणला. आता प्रवासाच्या बॅगा मोजायचा छोटा डिजिटल काटा घेतला आहे. काट्याला आधी एक लिटर पाण्याची पिशवी अडकवून तो एक किलोच्या जवळपास दाखवतो का, हे मुलांसमोर बघायचं. आपण ज्यानं मोजतो ते साधनही तपासायचं असतं, हे तिथेच कळतं. वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

एक सावधगिरी. दप्तराचं वजन सगळ्यांसमोर घ्या, मुलाचं कधीही घेऊ नका. नववीतली मुलं वजनावरून एकमेकांना किती छळतात, हे आपण पाहतोच. ज्याला प्रमाण काढायचं आहे त्यानं आपलं वजन एकट्यानं करून घ्यावं आणि फक्त टक्केवारी लिहावी. समजा, एका मुलीचं वजन ३८ किलो आणि दप्तर ५.२ किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, या सरकारी नियमाच्या हिशेबानं तिला ३.८ किलो चालेल, तिच्या पाठीवर आहे १३.७ टक्के. एवढं गणित नववीला जड नाही, पण मराठीच्या तासाला गणित आलं म्हणून वर्ग पाच मिनिटं कुरकुरतो.

नुसतं एकूण वजन घेऊन थांबायचं नाही. दप्तर उघडून त्यातला ऐवज वेगवेगळा मोजायचा: पुस्तकं, वह्या, डबा, बाटली, शिकवणीचं साहित्य. खरा शोध इथे लागतो. दर वर्षी कुणाच्या तरी दप्तरात मागच्या इयत्तेची वही निघते, शाळा सुटल्यावर थेट जायच्या शिकवणीचे जाडजूड संच निघतात. आणि भरलेली बाटली निघतेच. पाण्याचं वजन लिटरला किलो. पुस्तकांवर राग काढत आलेल्या मुलांना ही बाटली चांगलीच गोंधळात टाकते.

सरासरीची गंमतही याच तासाला दाखवता येते. पाच दप्तरं घ्या: ३.१, ३.४, ३.६, ३.९ आणि ९ किलो. शेवटच्यात क्रिकेटचं सामान आहे. सरासरी येते ४.६, पण पाचांतल्या चौघांची दप्तरं तर चार किलोच्या आत आहेत! चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घेतला तर ३.६ येतो. यातला कुठला आकडा निबंधात लिहाल, आणि का? ज्याला आपलं म्हणणं रेटायचं असतं तो ४.६ कडे धावतो. त्याला वर्गानंच विचारावं: ‘कशावरून?’

तासिका ५ आणि ६ : कागद वाचणं

आता दस्तऐवज. संगणक थोडे असल्यामुळे मी मुख्य कागदांच्या छापील प्रती करून गटांत वाटते आणि शोधायचं काम प्रत्येक गटातल्या दोघांनाच देते. दप्तराबाबत हे कागद वर्गात असलेच पाहिजेत.

१९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीनं केंद्र सरकारला दिलेला अहवाल. दप्तराच्या वजनाची चर्चा त्यात आहेच, पण त्याहून घातक ओझं न समजण्याचं आहे, असं समितीचं म्हणणं होतं. ‘वजन कमी करा’ एवढंच लिहिणाऱ्या मुलाला हे वाचून थबकायला होतं. मग महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाचा २१ जुलै २०१५ चा शासन निर्णय: दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. मग केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण. त्यात इयत्तेनुसार किलोत आकडे दिले आहेत: पहिली-दुसरीला १.६ ते २.२, आठवीला २.५ ते ४, नववी-दहावीला २.५ ते ४.५. आणि शेवटी ताजी गोष्ट. २०२३-२४ पासून राज्यात दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली गेली होती. वह्या कमी न्याव्या लागतील, हा हेतू. ती योजना २०२५-२६ पासून मागे घेतली. नववीतल्या मुलांच्या धाकट्या भावंडांनी ही पुस्तकं वापरलेली असतात. तेव्हा हेतू चांगला असूनही उपाय का टिकला नाही, याची साक्ष घरातूनच आणता येते.

शासन निर्णयाची रचना एकदा कळली की मुलांची त्याबद्दलची भीती जाते. वर विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक. मग ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या कागदांची यादी. मग ‘प्रस्तावना’ आणि त्याखाली खरा ‘शासन निर्णय’. मुलं प्रस्तावनेतलं वाक्य उचलतात आणि ‘शासनाने असा आदेश दिला’ म्हणून लिहितात. प्रस्तावनेत कारणं असतात, आदेश त्याखाली असतो. ‘वाचा’ची यादी तर खजिना आहे, कारण पुढचा शोध कुठे घ्यायचा ते तीच सांगते.

माझी स्वतःची फजिती इथे सांगायला हवी. सलग तीन वर्षं मी वर्गाला छातीठोकपणे सांगत होते की २००६ च्या कायद्यानं दप्तराच्या वजनावर मर्यादा घातली आहे. बातम्यांत वाचलं होतं, अनेक संकेतस्थळांवर तसंच लिहिलेलं होतं. चौथ्या वर्षी एका मुलानं माहिती टिपायच्या चिठ्ठीवरची (या चिठ्ठ्यांबद्दल पुढे सांगते) ‘मूळ कागद’ ही जागा कोरी ठेवली. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, बातम्या सापडतात, कायदा सापडत नाही.’ मला वाटलं, टाळाटाळ करतोय. मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर बसले. अर्ध्या तासानं आम्हा दोघांना कळलं की २००६ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं ते विधेयक होतं. त्याचा कायदा झालाच नाही. एकानं ‘कायदा’ लिहिलं, दुसऱ्यानं त्याच्यावरून उतरवलं, आणि ती साखळी माझ्या फळ्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘२००६ चा कायदा’ असं लिहून त्यावर आडवी रेघ मारली आणि सगळी हकीकत सांगितली. खाली चार शब्द लिहिले: विधेयक, कायदा, शासन निर्णय, धोरण. नागरिकशास्त्राच्या सरांना दहा मिनिटांसाठी बोलावलं. यातलं कोण कुणावर बंधन घालू शकतं, हे त्यांनी समजावलं. आता हा प्रसंग मी मुद्दाम दर वर्षी वापरते. ‘२००६ चा कायदा’ म्हणणारी एक बातमी देते आणि मूळ कागद आणायला सांगते. मुलं दमतात, चिडतात आणि मग शोधतात.

इतर माहितीबद्दल माझे नियम थोडेच आहेत. व्हॉट्सॲपवर आलेलं चालेल, पण ते कुठून निघालं ते सापडलं तरच. विकिपीडियाचा लेख वाचावा आणि त्याच्या तळाशी दिलेल्या मूळ कागदांकडे जावं. चॅटबॉटला विचारायला माझी हरकत नाही, पण त्यानं सांगितलेला अहवाल उघडून दाखवायचा. कधी कधी तो अहवाल जगात कुठेच नसतो, आणि हे मुलांनी स्वतः अनुभवलेलं बरं. माणसांना भेटून आणलेली माहितीही पुरावाच आहे: रिक्षावाले काका, दोन मजले चढून जाणारी पाचवीतली बहीण, गावातले डॉक्टर. मात्र परवानगी घेऊन, आणि एका माणसाचा अनुभव ‘सर्वांचा’ म्हणून लिहायचा नाही.

चिठ्ठ्या

हे दोन्ही तासिकांत आणि घरीही चालू ठेवायचं. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे, एका तुकड्यावर एकच गोष्ट. वर कुठून मिळालं आणि दिनांक. मध्ये ती माहिती स्वतःच्या शब्दांत. मूळ वाक्य तसंच हवं असेल तर अवतरणचिन्हात. खाली डाव्या कोपऱ्यात एक खूण: आपल्या म्हणण्याच्या बाजूनं असेल तर ‘बा’, विरुद्ध असेल तर ‘वि’.

उतरवून आणण्यावर माझ्या पाहण्यात हाच एक उपाय लागू पडला आहे. चिठ्ठी लिहिताना मूळ कागद पालथा ठेवायचा. बघून लिहिलं की मूल वाक्य उचलतं, पालथं ठेवलं की अर्थ उचलतं. ताकीद देऊन काही होत नाही, ती तर सगळेच शिक्षक देतात.

सहाव्या तासिकेच्या शेवटी मी फक्त चिठ्ठ्या बघते आणि एकच गोष्ट मोजते: ‘वि’ किती? ज्याच्याकडे एकही ‘वि’ नाही त्यानं शोध घेतलेलाच नाही, नुसती खरेदी केली आहे. त्याला पुढे जाता येत नाही.

तासिका ७ : पूर्वपक्ष

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत एक जुनी शिस्त होती: आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, त्यालाही मान्य होईल इतक्या नेटानं, आणि मग त्याला उत्तर द्यायचं. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. वक्तृत्व स्पर्धांत आपण हे पार विसरलो. तिथे पूर्वपक्ष म्हणजे एक बुजगावणं असतं: ‘काही लोक म्हणतात की मुलांनी ओझी वाहावीत!’ असं कोण म्हणतं?

या तासाला मी माझ्याकडून एक ‘वि’ चिठ्ठी सगळ्यांना देते. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तरामुळे मुलांना पाठदुखी होते, याला पटण्याजोगा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मी त्याचा सारांश मराठीत सांगते. वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून एक आवाज येतोच: ‘मॅडम, हे कुणाला सांगायलाच नको.’

त्या वाक्यावर पूर्ण तासिका खर्च झाली तरी चालेल. लपवलं आणि मुख्याध्यापकांना ते ठाऊक असलं तर तुझ्या बाकीच्या आकड्यांवर ते विश्वास ठेवतील का? मग करायचं काय? मुलांना तीन वाटा सापडतात, थोडं ढकलावं लागतं. एक, पुराव्याची मर्यादा प्रामाणिकपणे सांगायची: त्यातले बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत, वर्षानुवर्षं त्याच मुलांच्या मागावर राहून केलेले थोडे. शिवाय ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘अपाय होत नाही हे सिद्ध झालं’ यांत फरक आहे. दोन, म्हणणं नेमकं करायचं: पाठदुखीचा दावा सोडून द्यायचा आणि आपण स्वतः पाहिलेलं लिहायचं, म्हणजे पावसात दोन किलोमीटर चालणं, जिना चढताना थांबणं, एका रिक्षात कोंबलेली दहा दप्तरं. तीन, म्हणणंच बदलायचं. वहीचं शेवटचं पान आणि पेन्सिल आठवते? ती याचसाठी.

हा बदल मुलांना हार वाटतो. वादविवाद स्पर्धेत बाजू बदलणारा बाद होतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. मी त्या वेळी वेगळं काही सांगत नाही, फक्त खोडरबर फिरवते.

मांडणीबद्दल थोडक्यात. सुरुवात म्हणण्यानं आणि मोजलेल्या एका गोष्टीनं करावी. कवितेच्या ओळी, सुविचार आणि ‘विज्ञानयुग’ यांना आत प्रवेश नाही. मग सर्वांत भक्कम कारण, मग पूर्वपक्ष आणि त्याला उत्तर, मग खर्च-वेळ-अडचणी, आणि शेवटी नेमकी मागणी. चिठ्ठ्या बाकावर याच क्रमानं मांडून बघायच्या. जिथे चिठ्ठी नाही तिथे परिच्छेदही नाही.

तासिका ८ : एक परिच्छेद, दोनदा

पूर्ण निबंध लिहायला सांगण्याआधी मी एकच परिच्छेद लिहून घेते. पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘आजकाल मुलांच्या दप्तराचे ओझे खूपच वाढले आहे. लहान मुले हमालासारखी ओझी वाहतात. यामुळे पाठीचे आजार होतात असे तज्ज्ञ सांगतात. याकडे लक्ष दिलेच पाहिजे.’

आता ‘तज्ज्ञ सांगतात’च्या जागी ‘म्हणे’ घालून मोठ्यानं वाचायचं: ‘यामुळे पाठीचे आजार होतात म्हणे.’ वर्ग हसतो. ऐकीव गोष्टीसाठी मराठीत इतका नेमका शब्द असताना आपण त्याला ‘तज्ज्ञांच्या मते’ असा कोट चढवतो. ज्या वाक्यात ‘म्हणे’ सहज बसतं त्या वाक्याला पुरावा नाही.

दुसरी चाळणी ‘च’ची. खूपच, दिलेच, सर्वच, कायमच. पेन्सिलनं प्रत्येक ‘च’भोवती गोल करायचा आणि विचारायचं, हा काढला तर काय बिघडतं? दहातले आठ जातात. उरलेल्या दोघांना त्यामुळे वजन येतं.

मग दुसरा मसुदा. एका गटाचा असा झाला होता (आकडे इथे नमुन्यापुरते धरावेत):

‘आमच्या बाकावरच्या तिघींची दप्तरे आम्ही सोमवारी मोजली. ती ४.८, ५.२ आणि ५.६ किलो भरली. केंद्राच्या २०२० च्या धोरणात नववीसाठी वरची मर्यादा ४.५ किलो आहे. प्रत्येक दप्तरात एक लिटर पाणी होते. ते वजा केले तर दोन दप्तरे मर्यादेत येतात. म्हणून वह्या कमी करण्याआधी शाळेतल्या पिण्याच्या पाण्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते.’

‘हमालासारखी’ गेलं, पण परिच्छेद आता हलवता येत नाही. तीन दप्तरांवरून सगळ्या शाळेबद्दल बोलता येईल का, हा प्रश्न उरतोच. तो बाजूच्या गटानं विचारला, आणि त्यांना आणखी दप्तरं मोजावी लागली.

माहितीचं श्रेय वाक्यातच द्यायला शिकवावं, आणि क्रियापद निवडून. शासन निर्णयात ‘म्हटले आहे’, धोरणात ‘सुचवले आहे’, पाहणीत ‘आढळले’, एखाद्या संघटनेचा ‘दावा आहे’, शेजारच्या काकूंचा ‘अनुभव आहे’. ही क्रियापदं अदलाबदल करून वाचली की अर्थ कसा घसरतो, ते मुलांना लगेच ऐकू येतं.

तासिका ९ आणि १० : वाचून दाखवणं, दुरुस्ती, गुण

पूर्ण मसुदा घरी लिहून आणायचा, साधारण चार ते पाचशे शब्द. वर्गात जोड्या. एकानं आपला निबंध मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्यानं वाचणाऱ्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून फक्त एकच शब्द बोलायचा: ‘कशावरून?’ जिथे उत्तरादाखल चिठ्ठी दाखवता येत नाही तिथे समासात ‘क’ लिहायचा. शुद्धलेखन या फेरीत बघायचं नाही. नाहीतर जोडीदार ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसतो, कारण ते सोपं असतं.

पंचावन्न निबंध तपासणं ही खरी अडचण आहे. मी प्रत्येक चूक लाल करत नाही. वीस गुणांपैकी पुराव्याला आठ, पूर्वपक्षाला पाच, मांडणीला चार, भाषेला तीन. निबंधाला चिठ्ठ्या टाचलेल्या असल्या पाहिजेत, त्याशिवाय तपासत नाही. परीक्षेत इतक्या लांबीचं कुणी विचारणार नाही, हे पालक येऊन सांगतात आणि ते खरं आहे. मी त्यांना मुलाचे दोन्ही परिच्छेद दाखवते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. एकदा पुरलं नाही, तेव्हा गृहस्थ म्हणाले, ‘पण मॅडम, सुविचार कुठे आहे?’

दुसरा निबंध मोकळ्या विषयावर असतो, तीच पायरी-पायरीची वाट, फक्त पाच आठवड्यांऐवजी तीन. तेव्हा मात्र विषय भलतेच चांगले येतात: एसटीच्या शेवटच्या गाडीची वेळ, वाचनालय रविवारी उघडं असावं का, गावातल्या यात्रेतला डीजे.

मागच्या वर्षीची एक वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर ‘कप्पे’ खोडून ‘वह्या कमी’ लिहिलं आहे. तेही खोडून ‘पाण्याची टाकी दर महिन्याला धुवावी आणि तारीख टाकीवर लिहावी’ असं झालं आहे. कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलंय. ती मुलगी निबंध घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. सरांनी चष्मा चढवून पूर्ण वाचला आणि विचारलं, ‘टाकी किती लिटरची आहे? आणि मागच्या वेळी धुतली ते कोणाला विचारलंस?’ ती वर्गात परत आली, माझ्याकडे न बघता बाकावरचा पाठकोरा कागद फाडून दोन तुकडे केले, आणि शिपाईकाकांना शोधायला निघून गेली.